कवचाची आंतली बाजू

घराची भिंत जाड असली म्हणजे आंत निजणारास निर्धास्त वाटतें. बाहेर वारा सुटो, पाऊस कोसळो, कीं दगडधोंड्यांचा वर्षाव होवो. भिंत उभी आहे तोंवर आंतील माणसाच्या केसासहि धक्का लागणार नाहीं, असा मनुष्यमात्राचा पुरातन विश्वास आहे. किल्ल्यांचे तट याच विश्वासानें बांधले गेले, योद्ध्यांच्या अंगावर चिलखतें याच विश्वासानें चढलीं, आणि विसाव्या शतकांत पोलादी पत्र्यांनीं मढविलेला रणगाडा रणांगणावर आला तोहि याच विश्वासाच्या बळावर. परंतु कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी, अशी आपल्याकडे म्हण आहे. रणगाड्याच्या कवचाची गोष्ट पुष्कळशी या म्हणीसारखी आहे. बाहेरून येणारा गोळा कवचावर आदळतो तेव्हां आंतील माणसांस होणारी इजा पुष्कळ वेळां त्या गोळ्यानें होत नाहीं. ती कवचाच्याच आंतल्या बाजूनें उडालेल्या कपच्यांनीं होते. या कपच्या किती, केवढ्या, कोणत्या दिशेनें आणि किती वेगानें उडतात हें मोजण्याचें एक शास्त्र गेल्या शंभर वर्षांत उभें राहिलें आहे. त्या शास्त्राची गरज कां पडली व तें कसें चालतें, हा या भाषणाचा विषय आहे.

१५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समधील सोम नदीच्या रणक्षेत्रांत, फ्लेर व कूर्सलेत या गांवांपाशीं, इंग्रजांचे रणगाडे प्रथम लढाईंत उतरले. त्या पहिल्या रणगाड्यांत आठ माणसें बसत. पत्र्याची जाडी ठिकठिकाणीं सहा ते बारा मिलिमीटर. एंजिन माणसांच्या मधोमध धडधडत असे; धूर, उष्णता आणि आवाज यांनीं जीव कासावीस होई. साध्या बंदुकीची गोळी त्या पत्र्यांतून सहसा आरपार जात नसे. तरीहि आंतील माणसांचे चेहरे रक्तानें माखत. गोळी बाहेर फुटली कीं तिच्यांतील शिशाचे तप्त शिंतोडे सांध्यांतून व पाहण्याच्या फटींतून आंत शिरत. आणि जेथें गोळी आदळली तेथें पत्र्याच्या आंतल्या अंगानें पोलादाचे बारीक टवके सुटून येत. पुढें या शिपायांना कातड्याचे मुखवटे देण्यांत आले. डोळ्यांपुढें बारीक चिरा पाडलेली धातूची पट्टी, आणि खालीं हनुवटीपर्यंत लोंबणारी साखळ्यांची जाळी, असें त्यांचें रूप होतें. युद्धांतील सर्वांत नव्या वाहनांत बसणाऱ्या माणसास मध्ययुगांतील जाळीचें चिलखत तोंडावर बांधावें लागलें.

मुखवट्यानें चेहरा झांकला. परंतु गोळी आरपार न जातां टवका आंत कसा उडतो, हा प्रश्न राहिलाच. त्याचें उत्तर केंब्रिज विद्यापीठांतील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांच्या प्रयोगांत सांपडतें. तें समजण्यास घरांतील कॅरमचा पाट पुरे आहे. पांचसहा सोंगट्या एकमेकींस चिकटवून एका ओळींत ठेवाव्या आणि पहिलीस ओळीच्याच दिशेनें जोरानें मारावें. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागच्या जागीं राहतात आणि शेवटची तेवढी निसटून पुढें जाते. धक्का सर्वांतून गेला. पण तो घेऊन पळाली ती एकटी शेवटची, कारण तिच्यापुढें तिला अडविणारें कोणी नव्हतें.

पोलादाच्या पत्र्यांतहि असेंच घडतें. बाहेरून आघात झाला कीं दाबाची एक लाट सेकंदास सुमारें पांच किलोमीटर वेगानें पत्र्यांतून धांवत जाते. आंतल्या पृष्ठभागापाशीं पोलाद संपतें व हवा सुरू होते. हवा त्या लाटेस टेकूं देऊं शकत नाहीं. म्हणून ती लाट उलटते. आणि जी जातांना दाबीत गेली, ती परततांना ताणीत येते. हा ताण धातूस सोसला नाहीं, तर पृष्ठभागास समांतर असा एक थर आंतून फाटतो, आणि अंगांत कोंडलेला वेग घेऊन खपलीसारखा सुटून उडतो. एनॅमलची थाळी हातांतून पडली म्हणजे मार एका बाजूस लागतो आणि टवका पुष्कळदां दुसऱ्या बाजूचा उडतो, हें ज्या गृहिणीनें पाहिलें असेल तिला हा सिद्धांत निराळा शिकविण्याचें कारण नाहीं.

हॉपकिन्सन यांनीं १९१४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत आपली मापनपद्धति प्रसिद्ध केली. पोलादाची एक लांब सळई त्यांनीं दोऱ्यांनीं आडवी टांगली आणि तिच्या टोकास त्याच जाडीचा एक आंखूड तुकडा लोहचुंबकाच्या आकर्षणानें हलकाच चिकटवून ठेविला. सळईच्या दुसऱ्या टोकावर गोळी किंवा स्फोटक द्रव्य यांचा आघात केला कीं तो आंखूड तुकडा शेवटच्या सोंगटीप्रमाणें निसटे आणि समोर टांगलेल्या पेटींत जाऊन अडके. पेटी किती हलली यावरून तुकड्यानें किती जोर उचलला होता तें कळे. निरनिराळ्या लांबीचे तुकडे घेऊन त्यांनीं त्या क्षणिक दाबाचें मान व त्याचा काळ हीं दोन्ही शोधून काढलीं. २६ ऑगस्ट १९१८ रोजीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, विमानाच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. त्यांची ती टांगलेली सळई मात्र आज जगांतील असंख्य प्रयोगशाळांतून त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

ज्ञानास शत्रुमित्र नसतो. भिंत न फोडतांहि आंतली खपली उडवितां येते हें कळल्यावर तसा गोळा बनविणारेहि निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमध्यें डेनिस्टन बर्नी यांनीं अशा गोळ्याची कल्पना पुढें आणिली. त्याचें टरफल पातळ आणि आंतील स्फोटक मऊ असतें. भिंतीवर शेणाची गोवरी थापावी तसें तें कवचावर आधीं पसरतें आणि मग मागच्या बाजूनें पेट घेऊन उडतें. कवचास भोंक पडत नाहीं. परंतु आंतल्या बाजूनें थाळीएवढी पोलादाची खपली सुटते. प्रथम हा गोळा तटबंदीच्या काँक्रीटसाठीं योजिला होता; पुढें तो रणगाड्यांविरुद्ध वापरांत आला.

आणि गंमत अशी कीं या रोगावर एक उपाय माणसानें त्याचें निदान होण्यापूर्वींच करून ठेविला होता. १८६० सालीं इंग्लंडांत ‘वॉरियर’ नांवाची लोहकवची युद्धनौका पाण्यांत उतरली. तिच्या साडेचार इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यामागें अठरा इंच सागवानी लांकूड बसविलें होतें. लोखंडास पाठिंबा मिळावा, धक्का जिरावा आणि फुटलेल्या तुकड्यांचा जोर मोडावा, असा त्याचा उपयोग होता. पुढें त्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील हार्वे व जर्मनींतील क्रुप यांच्या पद्धतींनीं बाहेरून कठीण व आंतून चिवट असे पत्रे तयार होऊं लागले. कारण येथें धातुविद्येची मूळ अडचण आहे: जें पोलाद फार कठीण तें गोळ्यास चांगलें अडवितें, पण तेंच ठिसूळ असल्यामुळें सहज टवके सोडतें, जें मऊ व चिवट तें टवके सोडीत नाहीं, पण गोळ्यास वाट देतें. रक्षकाचे हे दोन गुण एकमेकांशीं भांडतात, आणि त्यांचा निवाडा केवळ तर्कानें होत नाहीं. त्यासाठीं मोजमाप लागतें.

मोजावयाचें काय, हें आधीं ठरविलें पाहिजे. गोळा कवच भेदून आंत आला म्हणजे त्याच्याबरोबर तीन प्रकारचा कचरा येतो. पहिला, वर सांगितलेल्या खपल्यांचा. दुसरा, गोळ्यापुढें बुचासारखा ढकलला गेलेला व भोंकाच्या कडांपासून फाटलेला धातु. तिसरा, स्वतः गोळ्याचे तुटलेले अवशेष. हा सर्व समुदाय भोंकापासून पुढें शंकूच्या आकारांत पसरत जातो. पाण्याच्या नळावर बोट धरल्यास धार फांकते तसा हा शंकु असतो. मध्यभागीं वेगवान व जोरदार तुकडे, कडेस मंद व बारीक. बाहेरचें भोंक दोन बोटें रुंद असलें तरी मागें हातभर अंतरावर त्या शंकूची रुंदी कितीतरी पट वाढलेली असते. गोळ्याच्या रेषेंत नसलेला माणूसहि त्यांत सांपडतो; दारूगोळा, इंधनाच्या नळ्या, विजेच्या तारा याहि सांपडतात. म्हणून ‘गोळा आरपार गेला कीं नाहीं’ एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरावर आंतील माणसांचें भवितव्य सांगतां येत नाहीं.

बारीक तुकड्यास भ्यावयाचें कारण काय, असें कोणास वाटेल. १९४१ सालीं सॉली झुकरमन व त्यांचे सहकारी यांनीं ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत वेगवान तुकड्यांनीं जखम कशी होते याविषयींचे प्रयोग प्रसिद्ध केले. झुकरमन हे मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनीं पोलादाची अवघी ५३ मिलिग्रॅम वजनाची, म्हणजे आपल्या अर्ध्या गुंजेहूनहि हलकी, गोळी घेतली व ती सेकंदास सुमारें एक किलोमीटर वेगानें मारून विजेच्या ठिणगीच्या प्रकाशांत तिचीं छायाचित्रें घेतलीं. मांसाप्रमाणें वागणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यांत ती शिरली कीं तिच्यामागें तिच्या आकाराहून कितीतरी मोठी पोकळी क्षणभर फुगे व पुन्हां मिटे. वरून दिसणारी जखम टांचणीएवढी, आंतील नाश मुठीएवढा. हें कळल्यावर अर्ध्या गुंजेचा तुकडाहि हिशेबांत धरणें भाग पडलें. कपच्या मोजणें हा केवळ धातूचा प्रश्न न राहतां वैद्यकाचाहि प्रश्न झाला.

आतां त्या कपच्या पकडाव्या कशा? अगदीं जुना मार्ग म्हणजे पत्र्यामागें मऊ पदार्थाचा मोठा सांठा ठेवणें. लांकडाचा भुसा, पुठ्ठ्यांच्या किंवा दाबलेल्या तंतूंच्या पाट्यांची चळत, अशांत तुकडे न तुटतां रुतून बसतात. मग पाट्या एकेक करून उलगडाव्या, तुकडे वेंचावे, पोलादाचे लोहचुंबकानें गोळा करावे, धुवावे, तराजूवर तोलावे, आणि कोणता तुकडा कितव्या पाटींत सांपडला याची नोंद करावी. तुकड्याचें वजन प्रत्यक्ष हातांत येतें व तो किती खोल गेला यावरून त्याच्या वेगाचा अंदाज बांधतां येतो. काम मात्र धान्य निवडण्यासारखें चिकाटीचें.

दुसरा मार्ग अधिक प्रचलित आहे. त्यांत वापरल्या जाणाऱ्या पत्र्यांना ‘साक्षी पत्रे’ म्हणावें. कवचाच्या मागें ठराविक अंतरावर पातळ पत्र्यांची एक चळत उभी करतात. पहिला पत्रा सर्वांत पातळ, पुढचे क्रमानें जाड, आणि दोन पत्र्यांमध्यें हलक्या फेसाळ पदार्थाचा थर. गोळा मारून झाला कीं ही चळत सोडवून प्रत्येक पत्रा निराळा उजेडासमोर धरतात. पहिला पत्रा चाळणीसारखा झालेला असतो. दुसऱ्यांत छिद्रें कमी, तिसऱ्यांत त्याहून कमी, आणि शेवटच्यांत कदाचित् एकदोनच. प्रत्येक छिद्राची जागा, लांबीरुंदी व मध्यापासूनचें अंतर लिहून घेतात. जागेवरून दिशा कळते. कितव्या पत्र्यापर्यंत तुकडा पोंचला यावरून त्याची भेदण्याची शक्ति कळते. गुन्ह्याच्या ठिकाणीं पंच उभे करून पंचनामा करावा तसाच हा प्रकार आहे. पूर्वी हीं छिद्रें माणूस हातांत भिंग घेऊन मोजीत असे; आतां पत्र्याचें चित्र यंत्रांत घालून संगणकाकडून मोजवून घेतात. परंतु दोन तुकडे शेजारींशेजारीं लागून एकच लांबट छिद्र पडलें आहे काय, असा संशय येतो तेव्हां अखेरचा निर्णय अनुभवी डोळ्यासच द्यावा लागतो.

साक्षीदार प्रामाणिक असला तरी त्यानें सर्व पाहिलें आहे असें मात्र समजूं नये. या पत्र्यांच्या साक्षींत दोन उणिवा आहेत. पहिली अशी कीं मध्यभागीं, जेथून मुख्य गोळाच निघून जातो, तेथें एक मोठें भगदाड पडतें. त्या भगदाडांत किती लहान छिद्रें गिळलीं गेलीं तें सांगतां येत नाहीं. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. शाळेंतील मुलास गुणाकार २४ आहे एवढेंच सांगितलें आणि मूळच्या दोन संख्या विचारल्या, तर तो चार व सहा म्हणेल किंवा तीन व आठ म्हणेल. दोन्ही उत्तरें खरीं. साक्षी पत्राहि असाच फक्त गुणाकार सांगतो. लहान पण वेगवान तुकडा जेवढे पत्रे भेदील, तेवढेच मोठा पण मंद तुकडाहि भेदूं शकेल. छिद्राच्या आकारावरून थोडा तर्क चालतो, पण चपटा तुकडा आडवा लागला कीं उभा, यानें तोहि फसतो. तेव्हां एकट्याच्या साक्षीवर निकाल न देतां दुसरा साक्षीदार बोलावावा लागतो.

तो दुसरा साक्षीदार म्हणजे क्ष-किरण. डॉक्टरांच्या दवाखान्यांत हाड मोडलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं जे किरण वापरतात तेच. परंतु येथें ते एका कोट्यांश सेकंदाइतक्या अल्प काळापुरते चमकवितात. १९३८ सालीं जर्मनींत व अमेरिकेंत स्वतंत्रपणें अशा क्षणिक क्ष-किरणांचीं उपकरणें तयार झालीं. साधा कॅमेरा येथें निरुपयोगी, कारण आघाताच्या वेळीं ज्वाला व धूर यांचा लोळ उठतो. क्ष-किरण त्यांतून सुखरूप पार जातात आणि धातूच्या तुकड्यांची सांवली तेवढी फिल्मवर उमटते. सेकंदास एक किलोमीटर धांवणारा तुकडा एका कोट्यांश सेकंदांत दशांश मिलिमीटरच सरकतो, म्हणून सांवली पुसट होत नाहीं. मग एक दशसहस्रांश सेकंदानें दुसरें चित्र घेतात. तेवढ्या अवधींत तुकडा दहा सेंटिमीटर पुढें गेलेला दिसला, तर त्याचा वेग सेकंदास एक किलोमीटर. त्रैराशिक शिकलेल्या मुलासहि करतां येईल असा हा हिशेब आहे. एक किरणनळी बाजूस व दुसरी वरच्या अंगास ठेविली कीं तुकड्याची जागा लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मापांनीं ठरते.

क्ष-किरणांसहि मर्यादा आहेत. अगदीं बारीक कण फिल्मवर उमटत नाहींत, आणि दाट गर्दींत एकाची सांवली दुसऱ्यावर पडते. म्हणून भुसा वजन सांगतो, पत्रा दिशा व शक्ति सांगतो, किरण वेग सांगतात. आणि तिघांच्या जबान्या एकमेकींशीं जुळवून खरा प्रकार ठरवावा लागतो. शिवाय एका गोळ्याचे टवके दुसऱ्या गोळ्याच्या टवक्यांसारखे कधींच उडत नाहींत. तोच गोळा, तोच पत्रा, तेंच अंतर. तरी छिद्रांची संख्या दर वेळीं निराळी. एका प्रयोगावरून बोलणारा येथें हमखास चुकतो. अनेक प्रयोगांचा मेळ घालूनच कांहीं सांगतां येतें, आणि प्रत्येक प्रयोगांत एक पत्रा व एक गोळा कायमचा खर्ची पडतो.

या अव्यवस्थेंतहि नियम आहे, हें दाखविण्याचें श्रेय इंग्लंडमधील पदार्थवैज्ञानिक नेव्हिल मॉट यांस आहे. पुढें १९७७ सालीं दुसऱ्याच संशोधनासाठीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. युद्धकाळांत, १९४३ च्या सुमारास, फोर्ट हॉलस्टेड येथील शस्त्रसंशोधन खात्यांत काम करीत असतां तोफगोळ्याचें टरफल फुटून किती तुकडे होतात याचें गणित त्यांनीं मांडलें. त्यांचा मूळ प्रश्न गोळ्याच्या तुकड्यांचा होता, कवचाच्या नव्हे. परंतु तुकडे मोजण्याची ती रीति पुढें कवचाच्या कचऱ्यासहि लावण्यांत आली. मोठे तुकडे थोडे, लहान पुष्कळ, एवढें कोणीहि सांगेल. वजन वाढेल तशी संख्या कोणत्या मापानें घटते हें त्यांनीं सूत्रांत बसविलें. त्यामुळें हातीं लागलेल्या व तोललेल्या तुकड्यांवरून हरवलेल्या बारीक तुकड्यांचाहि अंदाज बांधतां येऊं लागला.

इतक्या खटपटीचें फळ काय, असें विचारणें रास्त आहे. फळ हें कीं ‘वॉरियर’ नौकेच्या सागवानाचा नवा अवतार जन्मास आला. १९६५ सालीं अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनीं जो तंतु शोधून काढला, त्यापासून पुढें केव्हलार तयार झालें. वजनाच्या मानानें पोलादाहून पुष्कळच बळकट अशा या तंतूंचीं जाड अस्तरें चिलखती वाहनांच्या आंतल्या बाजूस लावूं लागले. मुख्य गोळ्यास हें अस्तर थांबवीत नाहीं. तशी अपेक्षाहि नसते. तें कडेचे, तिरपे, मंद तुकडे पकडून ठेवतें आणि शंकु अरुंद करतें. अस्तराशिवाय व अस्तरासह असे दोन प्रयोग करून साक्षी पत्रे शेजारींशेजारीं ठेवले कीं फरक डोळ्यांना दिसतो: एका पत्र्यावर छिद्रांचा सडा पडलेला, दुसऱ्यावर मधल्या भगदाडाभोंवतीं मोजकींच छिद्रें. गोळ्याच्या रेषेंत बसलेल्या माणसास अस्तर वांचवूं शकणार नाहीं. परंतु त्याच्या शेजाऱ्यास वांचवूं शकेल. सहाजणांच्या वाहनांत एक जाणें आणि सहा जाणें यांतील अंतर हेंच या मोजणीचें मोल आहे.

हें मोल सर्वांस आपोआप पटलें असें मात्र नाहीं. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत ब्रॅडली नांवाच्या सैनिकवाहू चिलखती वाहनावरून मोठा वाद झाला. निरनिराळ्या भागांवर केलेल्या परीक्षा व कागदावरील गणित यांवर विसंबावें, कीं इंधन व दारूगोळा यांनीं भरलेल्या सज्ज वाहनावर खरा मारा करून पाहावा, असा तो वाद होता. प्रत्यक्ष मारा म्हणजे एक महागडें वाहन हातानें नष्ट करणें, असा एका पक्षाचा आक्षेप. आणि आज वाहन वांचविलें तर उद्यां माणसें जातील, असें दुसऱ्या पक्षाचें उत्तर. अखेर १९८६ सालीं अमेरिकन विधिमंडळानें कायदा केला कीं अशीं वाहनें मोठ्या संख्येनें बनविण्यापूर्वीं लढाईच्या सज्ज स्थितींत त्यांच्यावर खऱ्या माऱ्याची परीक्षा झालीच पाहिजे. १९८८ पासून बनूं लागलेल्या सुधारलेल्या ब्रॅडली वाहनांत केव्हलारचें अस्तर बसविलेलें होतें. गणित खोटें होतें असें नव्हे. परंतु गणितांत जे आंकडे घालावयाचे ते मोजून आणलेले असले पाहिजेत, हें त्या वादानें लोकांच्या मनावर ठसलें.

या विद्येशीं आपल्या देशाचाहि संबंध आहे. चंडीगड येथें १९६१ सालीं स्थापन झालेली सरकारी प्रयोगशाळा नेमक्या याच शास्त्राचा, म्हणजे गोळा लक्ष्यावर पोंचल्यानंतर काय घडतें याचा, अभ्यास करते. क्षणिक क्ष-किरणांचीं उपकरणें तेथें आहेत. अर्जुन रणगाड्याची १२० मिलिमीटरची तोफ पुण्यास पाषाण येथील शस्त्रसंशोधन संस्थेंत आंखली गेली, आणि वर वर्णिलेला गोवरीसारखा पसरणारा गोळा त्या तोफेंतूनहि मारतां येतो. चिलखती दलाचें शिक्षणकेंद्र अहिल्यानगर येथें, म्हणजे ज्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत त्या शहरीं आहे. तेथील संग्रहालयांत देशोदेशींचे जुने रणगाडे रांगेनें उभे आहेत. सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन लोक तेथें जातात. मुलें पोलादावर टिचकी मारून पाहतात, तोफेच्या नळीस हात लावतात, आणि पत्रा किती जाड आहे असें वडिलांस विचारतात.

त्याच केंद्रांत ‘फॅमागुस्टा’ नांवाचा एक सेंच्युरियन रणगाडाहि जतन करून ठेविला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पूना हॉर्स पथकाचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यांतून लढतांना कामीं आले. ते पुण्यांत जन्मले होते आणि त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र अर्पण करण्यांत आलें. त्यांच्या शौर्यापुढें मोजमापाची भाषा थिटी आहे, हें खरें. पण असे तरुण ज्या पोलादी भिंतीच्या आंत बसतात, त्या भिंतीची आंतली बाजू कशी वागेल हें आधीं तपासून पाहणें, हें बाहेर सुरक्षित राहणाऱ्यांचें कर्तव्य आहे. शौर्य त्यांचें, मोजणी आपली.

म्हणून पुढें कधीं कोणी रणगाड्याचा पत्रा किती जाड आहे असें विचारलें, तर जाडी अवश्य सांगावी. पण त्याच्या पाठोपाठ दुसराहि प्रश्न विचारावयास शिकवावें कीं त्या पत्र्याच्या आंत काय लाविलें आहे, आणि तें लावल्यावर साक्षी पत्र्यावर किती छिद्रें पडलीं. चाळणी झालेला तो पातळ पत्रा कोणत्याहि संग्रहालयांत मांडण्यासारखा देखणा नसतो. छिद्रें मोजून झालीं कीं तो कोपऱ्यांत उभा करून ठेवतात. परंतु त्याच्यावरील प्रत्येक छिद्र म्हणजे एखाद्या माणसाच्या अंगावर होऊं शकली असती अशी जखम आहे, आणि तीं छिद्रें कमी करण्याचा मार्ग तीं नीट मोजल्यावांचून सांपडत नाहीं.